सातदा फायनल

आमच्या घरात पहिला आवाज मोठ्या बाबांचा, कोंबडा त्यांच्यानंतर. अंगणात येऊन ते असे खाकरायचे की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहायची. मग मोठ्या आईची बादली, मग माझ्या आईची चूल, आणि सगळ्यात शेवटी माझे बाबा, जे उठले की नाही हे चहाचा कप रिकामा झाला की कळायचं. मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, मोठी आई त्यांची बायको. गावचे सरपंच तेच, आणि घरचेही तेच. इटियाडोह धरणाच्या नहरावरचं, म्हणजे कालव्यावरचं, आमचं गाव, नवेगाव बांधच्या तळ्यापासून मोटारसायकलवर जाण्याइतकं जवळ, त्यामुळे घरात धान असायचं आणि आठवड्यातून एकदा तरी मासोळी. जवसाची चटणी आणि तांदळाच्या पिठाची धिरडी ही आमची न्याहारी. आता मी ती नॉनस्टिकच्या तव्यावर करते आणि माझी लेक ती नाक मुरडून खाते. तिला सांगूनही पटत नाही की एका उन्हाळ्याच्या शेवटी, टीव्हीसमोर बसून, अख्ख्या गावाने ही धिरडी अमृतासारखी खाल्ली होती.

त्याचं कारण म्हणजे ग्राउंड. कुठल्याशा सरकारी योजनेत ग्रामपंचायतीने व्हॉलीबॉलची जाळी मागितली होती, आणि आलं बास्केटबॉलचं सिमेंटचं अंगण, दोन खांब आणि दोन लोखंडी कड्या. परत कोण पाठवणार? आमच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत ते बसवलं. मुलांना क्रिकेटशिवाय काही दिसत नव्हतं, म्हणून ते ग्राउंड वर्षभर धान वाळवायच्या कामी आलं. मग शाळेच्या कपाटात एक चेंडू सापडला आणि आम्ही पाच-सहा पोरींनी ते ताब्यात घेतलं. मी, माझी मैत्रीण छाया, आणि रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत आयांबरोबर धानाच्या बांधीत उतरणाऱ्या आणखी तिघी-चौघी. छाया सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात बोलकी. आमच्यात खास असं कुणीच नव्हतं. कुणी उंच नव्हती, कुणी फार वेगाने पळत नव्हती. कडीत चेंडू गेला तर ज्या पोरीने टाकला तिलाच सगळ्यात जास्त आश्चर्य वाटायचं. पण त्या सिमेंटवर संध्याकाळी अनवाणी धावताना पायांना जी ऊब लागायची, तिच्यासाठी आम्ही दिवसभराची कामं पटापट उरकायचो. त्या जागेवर आम्हाला कुणी भांडी घासायला बोलवत नव्हतं, हेही एक सुख होतं.

त्या वर्षी उन्हाळी धान भरपूर झालं, आणि पोती ठेवायला जागा नव्हती. मोठ्या बाबांनी ठरवलं की ग्राउंडवर टिनाचं शेड उभं करायचं. खाली आयतं सिमेंट, वर टिना टाकल्या की झालं. आम्ही पोरी ओट्यावर त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिलो. ओट्यावर नेहमीची माणसं बसली होती, आणि मोठ्या बाबांना माणसांसमोर बोलायला भारी आवडायचं.

“धानाची पोती पाण्यात भिजतीन अन् तुमाले चेंडू दिसून राहिला,” ते म्हणाले. “मले सांगा, तुमच्यात एक तरी स्टार आहे का? कोन्या पोरीचं नाव नहराच्या पलीकडं तरी गेलं का? स्टार असता तं मी सोता म्हटलं असतं, खेळा.”

मी तशी उलट बोलणारी नव्हते. पण आमच्या घरावर डिशची छत्री बसली होती, आणि सुट्टीतल्या सकाळी मी खेळाचं चॅनल लावून अमेरिकेतलं बास्केटबॉल बघायची. त्यामुळे मला एक गोष्ट माहीत होती आणि ती तोंडातून निसटली. “उद्या सकाळी टीव्हीवर फायनल आहे, मोठे बाबा. पिवळ्या ड्रेसवाल्यांत मोठा स्टार आहे. काळ्या ड्रेसवाल्यांत एकही नाई. सगळे सारखेच. ते जिंकले तं?”

“ते कायले जिंकते?”

“पण जिंकले तं?”

मोठ्या बाबांनी मिशीवरून हात फिरवला. “जिंकले तं ग्राउंड तुमचं. शेड दुसरीकडं. अन् पिवळे जिंकले तं रडायचं नाई, तुमीच खड्डे खोदाले याचं. शबूद दिला.” आमच्या गावात सरपंचाने ओट्यावर दिलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ. छायाने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तो दोन दिवस निळा होता.

दुसऱ्या दिवशी पिवळे जिंकले. त्यांचा तो स्टार, उंच, खांदे असे की दारातून आडवं होऊन जावं लागेल, एकटा सगळं करत होता. मोठे बाबा बाजेवर मांडी ठोकत होते आणि मी कोपऱ्यात बसून ओढणीची गाठ सोडत-बांधत होते. खेळ संपला तसे ते उठले, आंघोळ केली, धुतलेली बंडी घातली, आणि उन्हं तापायच्या आत भूमिपूजनाला निघाले. कडीच्या समोर, जिथे उभं राहून आम्ही चेंडू टाकायचा सराव करायचो, नेमक्या त्याच जागी सिमेंट फोडून खांबासाठी खड्डा केला. नारळ फोडला, चिवडा वाटला, चहा झाला. आम्ही पोरी चिवडा न घेता उभ्या होतो. छायाने मात्र घेतला. म्हणाली, दुःख वेगळं आणि चिवडा वेगळा.

संध्याकाळी मी उगाच टीव्ही लावला, तर त्यावर परत तेच दोघं, पिवळा आणि काळा, एकमेकांकडे डोळे वटारून बघत होते आणि खाली लिहून येत होतं की पुढचा सामना अमुक सकाळी. मी ओरडतच ओट्यावर गेले. ही फायनल एका सामन्याची नव्हती. सातपैकी चार जो जिंकेल तो खरा जिंकणार होता. मला आधी काऊन माहीत नव्हतं, असं आज कुणी विचारेल, तर माझ्या डोक्यातली फायनलही मंडईतल्या, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेतल्या, कबड्डीचीच होती. दिवाळीनंतरच्या आमच्या मंडईत फायनल म्हणजे एक शिट्टी, एक धूळ, आणि संपलं की गुलाल.

“सातदा फायनल?” मोठे बाबा ताडकन उठून बसले. “मंग ते फायनल कायची? एका नवरदेवाचं सातदा लगन लावते का कोणी?”

“चार जिंकल्याशिवाय निकाल नाई म्हणे,” माझे बाबा हळूच म्हणाले. दिवसभरातलं त्यांचं हे पहिलंच वाक्य असावं.

मोठी आई दारात तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, “मंग तो नारळ उचलून जोडता का आता?”

ओट्यावर जे हसू फुटलं ते नहरापर्यंत गेलं असेल. मोठ्या बाबांनाही शेवटी हसावं लागलं. ते म्हणाले, शब्द म्हणजे शब्द, सात तर सात, पण खड्डा बुजवणार नाही. खड्ड्यावर एक फळी टाकली गेली, आणि आमच्या घरात ते दिवस सुरू झाले, ज्यांच्याइतके मजेचे दिवस माझ्या आयुष्यात फार थोडे आले.

सामना एक दिवसाआड किंवा दोन दिवसांनी, सकाळी साडेसहाला. अमेरिकेत तेव्हा रात्र असते हे मोठ्या आईला काही केल्या पटेना. “एवढ्या उजेडात खेळून राहिले, अन् रात्र म्हणते,” असं म्हणून ती चुलीकडे बघायची. पहिल्या दोन सकाळी घरचेच होतो. मग शेजारचे आले, मग त्यांच्या मागच्या आळीतले, आणि शेवटी ज्यांना आत जागा नव्हती ते खिडकीच्या गजांना धरून उभे. आई आणि मोठी आई आळीपाळीने तव्यावर. नावं कुणालाच उच्चारता येत नव्हती, म्हणून मोठ्या आईने बारसं करून टाकलं. काळ्यांतला एक टकल्या, एक गिरणीवाला, कारण तो पावडर लावून हात झटकायचा, आणि एक इकडे बघून तिकडे चेंडू देणारा, तो लबाड्या. पिवळ्यांच्या स्टारला मात्र नाव नव्हतं. मोठे बाबा त्याला “आपला गडी” म्हणायचे.

मोठ्या आईने पक्ष निवडला तो माझ्यावर माया म्हणून नाही. ती तव्यावरून उठून, हाताला पीठ तसंच ठेवून, टीव्हीसमोर उभी राहिली होती. काळे बचाव करत होते. गुडघ्यांत वाकलेले, हात पुढे, आणि सगळे मिळून मागे मागे सरकत. “माय वो,” ती म्हणाली, “हे तं रोवणा करून राहिले.” आणि खरंच होतं ते. चिखलात वाकून, हातातलं रोप रोवत, बायांची ओळ अशीच मागे सरकते, आणि एकीने पाय लवकर उचलला की ओळ मोडते, मग सगळ्या तिला बोलतात. मोठी आई वर्षानुवर्षं त्या ओळीच्या टोकाला उभी राहिलेली. “पाहा ना, कोणी ओळ मोडून नाई राहिला. हे जिंकतीन.”

“ओळीनं धान होते, कप नाई भेटत,” मोठे बाबा म्हणाले.

“धान झालं नाई तं कपात का पेता?” ती म्हणाली आणि परत तव्याकडे गेली.

मोठ्या बाबांचं स्टारवेड काही नवं नव्हतं. मंडईला गावात नाटक आणायचं त्यांच्याकडे असायचं, आणि ते नाटक निवडायचे पोस्टरवरचा चेहरा बघून. मुंबईची हिरोईन आहे का, टीव्हीवर दिसलेला कुणी आहे का, एवढंच. बाकीचा जो लवाजमा, हिरोचा बाप, डॉक्टर, हवालदार, विनोदी नोकर, हे सगळे आमच्या झाडीपट्टीतलेच, ते पोस्टरच्या तळाला मुंगीएवढे. मोठ्या बाबांनी ती नावं कधी वाचली नाहीत. माझ्या बाबांनी एकदा अशाच एका नाटकात हवालदाराचं काम केलं होतं. सबंध नाटकात एक वाक्य. पण ते वाक्य त्यांनी असं म्हटलं होतं की लोक वर्षभर घरी येऊन ते म्हणायला लावत.

तर सामने चालले होते. काळे दुसरा जिंकले, तिसराही जिंकले. चौथा पिवळ्यांनी नेला, त्यात आपला गडी असा पेटला की मला स्वतःलाही टाळी वाजवावीशी वाटली आणि मी हात मांडीखाली दाबून बसले. प्रत्येक सामना संपला की आम्ही पोरी धिरडं तोंडात कोंबून ग्राउंडवर. जे टीव्हीत पाहिलं ते करून बघायचं. एकीने अडवून उभं राहायचं, दुसरीने तिच्या आडून पळायचं, तिसरीने न बघता चेंडू द्यायचा, तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी नाकावर. पण मागे सरकायचं मात्र आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. ते पायांत होतंच.

पाचवा सामना आपल्या गड्याने भरपूर गुण काढूनही पिवळे हरले. मोठे बाबा दातून चावत ग्राउंडच्या कडेला येऊन उभे राहिले. मला वाटलं खड्डा बघायला आले. मग एकदम ओरडले, “अवो छाये, हात खाली काऊन? हात वर ठेव ना! तो लबाड्या कसा ठेवते?” छाया दचकली आणि तिने दोन्ही हात वर केले, जणू पोलिसाने पकडलंय. त्यानंतर ते रोज येऊ लागले. म्हणायचे, शेडची मापं घ्यायची आहेत. मापाचा टेप खिशातच राहायचा. एके सकाळी आम्ही गेलो तर खड्ड्यावरची फळी बदललेली, जाड, दोन बाजूंनी दगड लावून घट्ट केलेली. “पाय गेला एखादीचा तं बोंबलत याल माझ्याकडं,” एवढंच म्हणाले.

सहावा पिवळ्यांनी जिंकला. तीन-तीन. आता एकच सामना, आणि आता मात्र ती आमच्या मंडईसारखीच फायनल होती.

त्या सकाळी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. टिनांचा टेम्पो दुपारी येणार होता, हे सगळ्यांना माहीत होतं. काळे हरले तर संध्याकाळपर्यंत ग्राउंडवर खांब उभे राहणार. मला आदल्या रात्रीपासून जेवण गेलं नव्हतं. मी मोठ्या आईच्या पदराजवळ बसले. सामना सुरू झाला, आणि असा चालला की दोघांतलं अंतर दोन-चार गुणांच्या वर जाईना. मोठे बाबा बाजेच्या कडेवर, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. टकल्याने लांबून एक टाकला, बरोबरी झाली, आणि टीव्ही काळा पडला. पंखा थांबला. मला आधी वाटलं माझेच डोळे गेले.

“आजपासून आपली लोडशेडिंगची पाळी सकाळची,” माझे बाबा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. मोठ्या बाबांनी विचारलं, “तुले माहीत होतं?”

“कोणी विचारलं नाई मले.”

तेव्हा खिशातल्या फोनवर जगाचा निकाल बघायची सोय नव्हती. मोठे बाबा उठले, दुसरी चप्पल शोधायलाही थांबले नाहीत. नवेगावच्या तळ्याकाठी एका लॉजला जनरेटर होतं. त्यांनी मोटारसायकल काढली आणि धूळ उडवत गेले. मागे बसायला कुणाला घेतलंही नाही. आम्ही वाट बघत राहिलो. धिरडी गार झाली. छायाने बोलायचं थांबवलं, हे मी त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलं नाही. कुणीतरी म्हणालं, टेम्पोवाल्याला निरोप द्या. कुणी म्हणालं, थांबा. मोठी आई एकटी शांतपणे भांडी आवरत होती.

मोटारसायकलचा आवाज आला तो घरासमोर थांबला नाही. ते सरळ ग्राउंडवर गेले. आम्ही धावलो. ते एका पायात चप्पल घालून, फावडं घेऊन, खड्ड्याशी उभे होते, आणि फळी बाजूला सारून त्यात माती लोटत होते.

“मोठे बाबा,” मी म्हटलं.

“काळे जिंकले,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “शेवटचा टकल्यानंच टाकला. शेड जुन्या कोंडवाड्याच्या जागी. टेम्पोवाल्याले सांगा.”

मग जे झालं त्याला मी गोंधळच म्हणेन. छाया माझ्या गळ्यात, मी तिच्या, पोरी सिमेंटवर लोळायच्या बाकी. माझे बाबा हसले, आणि कुणी न विचारता त्यांनी ते हवालदाराचं वाक्य म्हटलं. आईने गूळ वाटला. मोठ्या बाबांची तर लोकांनी काय थट्टा केली. आपला गडी कुठं गेला, सरपंच? रडत बसला का? त्याले मंडईच्या नाटकात हवालदार करा आता. ते सगळं ऐकून घेत होते, मान खाली घालून, माती दाबत. एरवी एका शब्दाला चार शब्द परत करणारा माणूस, त्या दिवशी चकार शब्द बोलला नाही. मला वाटलं, हरल्याचं मनाला लागलंय. मला थोडी दयाही आली. मी त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, तो त्यांनी मुकाट्याने खाल्ला. त्या रात्री टीव्ही लागला नाही, छत्रीची वायर निघाली आहे असं मोठे बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने पेपर आला. आमच्या गावात पेपर एकच, पानठेल्यावर. मला टकल्याचा फोटो कापून घ्यायचा होता, आणि पोरींनी तो आणायला मलाच पाठवलं होतं. ठेलेवाला झोपला होता, कुणी पेपर उघडलाही नव्हता. मी शेवटून दुसरं पान काढलं. फोटो होता, मोठा होता. पिवळ्या ड्रेसमधला आपला गडी, कप दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेला, तोंड आभाळाकडे. मी खालचा मजकूर परत परत वाचला. अक्षरं बदलेनात.

पेपर घेऊन मी घरी आले. मोठे बाबा अंगणात रोपांसाठी पऱ्हे टाकायचं बियाणं मोठ्या घमेल्यात भिजवत होते. मी फोटो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात बंडीला पुसले आणि पेपर घेतला. खूप वेळ बघत राहिले. आणि मग त्यांच्या मिशीखाली ते हसू आलं, जे त्यांनी लॉजवरून परत येताना सगळ्या रस्त्याने गिळलं असणार. त्यांचा गडी जिंकला होता. सबंध गावात त्या गड्याचा एकच माणूस होता, आणि त्याने त्याच दिवशी मान खाली घालून, लोकांची थट्टा ऐकत, आमच्यासाठी खड्डा बुजवला होता. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

“तुमचे जिंकले होते, मोठे बाबा,” मी म्हटलं.

“पेपरवाल्यांले काय समजते,” ते म्हणाले. त्यांनी पान घडी केलं, फोटोवर घडी पडणार नाही अशा बेताने, आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं. मग घमेल्यात हात घालून परत बियाणं हलवायला लागले. “जा. पोट्ट्या वाट पाहून राहिल्या.”

मी डोळे पुसत ग्राउंडवर गेले. बुजवलेली जागा अजून मऊ होती, आणि छाया तिथेच चेंडू घेऊन उभी होती. “कुठं आहे फोटो?” तिने विचारलं.

“पेपरच नाई आला आज,” मी म्हटलं, आणि चेंडूसाठी हात वर केले.